रुंदी पाच

सर गेले तेव्हा बेसिनचा नळ चालू होता. वहिनी आत गेल्या, आधी नळ बंद केला आणि मग खाली पाहिलं. दाढीचा साबण एका गालावर तसाच होता. पुढे कितीतरी दिवस लोक विचारत राहिले, नेमकं झालं तरी काय हो, आणि वहिनी सांगत राहिल्या, नळ चालू होता. त्यापलीकडे त्यांना काही सांगता यायचं नाही.

त्या दोघांना सगळे सर आणि वहिनीच म्हणायचे. सर काही शाळेत शिकवत नव्हते. ते कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचे, आणि तेही मोठ्या कंपन्यांसाठी नव्हे. चष्म्याचं दुकान, वजनकाटा, लाकडाची वखार, असे एका माणसाच्या जिवावर चालणारे धंदे ही त्यांची गिऱ्हाइकं. कॉम्प्युटर म्हणजे थंड खोलीत बाहेरून वाकून बघायची वस्तू होती, त्या काळात त्यांचा एका डेटाबेसवर हात बसला. जग पुढे गेलं, त्यांनी तो सोडला नाही. गिऱ्हाइकांनीही सोडला नाही, कारण तो कधी बंदच पडायचा नाही.

वहिनी मूळच्या टायपिस्ट. बाहेरची नोकरी सुटल्यावर घरातच सरांचं काम त्यांच्याकडे आलं. सर हातात कागद घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचे आणि वहिनी टेबलं बनवायच्या. टेबल म्हणजे माहिती ठेवायचं कपाट, आणि त्यातल्या प्रत्येक खान्याला आधीच सांगून ठेवावं लागायचं, की बाबा, तुझ्यात काय राहणार आहे. नाव काय, प्रकार काय: अक्षरं, तारीख की संख्या. संख्या असेल तर रुंदी किती, म्हणजे किती अंकांची जागा राखायची, आणि दशांश किती.

यावरून त्यांची वादावादी व्हायची. वहिनींचा हात सढळ. वजनकाट्याच्या वेळी त्यांनी वजनाला सात अंकांची जागा दिली होती.

"सात कशाला? पाच कर," सर म्हणाले होते. "त्याचा काटाच साठ टनाचा आहे. साठ हजार किलो, अंक पाच."

"असू दे की दोन जास्त. खायला का मागतायत?"

"मागतात. डिस्क बघ केवढीशी आहे. दर नोंदीला दोन जागा फुकट, अशा लाखभर नोंदी झाल्या की कळेल."

वहिनींनी पाच केले. त्या काळच्या हिशेबाने सरांचं बरोबरच होतं.

पुढे लेक झाली, घर वाढलं, आणि वहिनी हळूहळू त्या कामातून बाजूला झाल्या. लेक शिकली, दूरच्या शहरात कॉम्प्युटरच्याच नोकरीला लागली. सरांची गिऱ्हाइकं कमी होत होत बोटांवर मोजण्याइतकी उरली. अशात सर गेले.

सरांची थोरली बहीण लगेच आली आणि राहिली. वहिनी त्यांना वन्सं म्हणायच्या. वन्सं मनाने मोकळ्या, बोलायला फटकळ, आणि रडायला लागल्या की कुणाच्या बापाला न ऐकणाऱ्या. त्या आल्या त्या दारातूनच रडत आल्या. वहिनी मात्र रडल्या नाहीत. भेटायला येणाऱ्यांना खुर्च्या द्यायच्या, पाणी द्यायच्या, आणि समोरचा माणूस सरांच्या आठवणी सांगत असताना त्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण बघत बसायच्या. हे पडणार, एवढंच त्यांच्या मनात यायचं.

"रडून घे गं एकदा," वन्सं म्हणायच्या. "छातीत साठवून ठेवू नये."

"साठवलेलं नाहीये काही," वहिनी म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. आत काही असल्यासारखं त्यांना वाटतच नव्हतं. एक दिवस त्यांनी ताटातली सगळी भाजी खाल्ली आणि वन्संनी पहिलाच घास तोंडात घालून हात आखडला. "अगं, मीठच नाही यात."

"हो का?" वहिनी म्हणाल्या.

लेक आली होती, चार दिवस राहिली आणि कामावर परत गेली. रोज फोन करायची. जेवलीस का, जेवले. झोपलीस का, झोपले. मग दोघी थोडा वेळ फोन कानाला धरून गप्प बसायच्या आणि ठेवून द्यायच्या.

सरांचा मोबाईल टेबलावर चार्जिंगला लावलेलाच असायचा. तो का, हे वहिनींना कुणी विचारलं नाही. एका दुपारी तो वाजला.

"सर, चांदण्या येतायत," पलीकडून आवाज आला. वजनकाट्याचा मालक होता. "परवापासून. मोठा ट्रेलर चढला की वजनाच्या जागी नुसत्या चांदण्या."

"सर गेले," वहिनी म्हणाल्या. तारीख सांगितली.

पलीकडे ट्रकच्या इंजिनांची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मग मालक म्हणाला, "वहिनी, मला माहीतच नव्हतं. मी येऊन जायला हवं होतं." आणि मग, अगदी खालच्या आवाजात, "मग आता या चांदण्यांचं कुणाला विचारू?"

"मी येते," वहिनी म्हणाल्या.

का म्हणाल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वन्संनी तर कपाळावर हात मारला. "माणूस जाऊन महिना नाही झाला, आणि ही निघाली ट्रक मोजायला. लोक काय म्हणतील?"

"विचारलं तर सांगा, कामाला गेलीय."

वजनकाटा गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून होता. जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट, त्याच्या शेजारी पत्र्याची केबिन, केबिनच्या काचेला धुळीचा थर. आत टेबलावर सरांनीच आणून दिलेला कॉम्प्युटर, त्याच्या कीबोर्डावरची अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. तो चालवणारा ऑपरेटर मिश्यांमधून हसल्यासारखा दिसायचा, न हसतानाही.

मालकाने सगळं नीट सांगितलं. नदीपलीकडे नवं वीजकेंद्र उभं राहत होतं. त्याची अवजड यंत्रं बंदरावरून ट्रेलरवर लादून यायची. केंद्राच्या फाटकावर वजनाची पावती दाखवल्याशिवाय गाडी आत घेत नसत, कारण आतला पूल जुना होता. हे काम मिळावं म्हणून मालकाने जुना काटा उखडून दीडशे टनांचा नवा बसवला. लोखंड बदललं, तारा बदलल्या. कॉम्प्युटरला हात लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण तो चालत होता.

"परवा पहिला ट्रेलर आला," ऑपरेटर म्हणाला. "काट्याच्या डब्यावर आकडा बरोबर येतो. इथे स्क्रीनवर बघतो तर या चांदण्या, नुसत्या फुल्या. पावतीवर पण फुल्या. फाटकावरचा पहारेकरी ड्रायव्हरला म्हणाला, मी वजन विचारलं होतं, तू शिवी छापून आणलीस."

मालक हसणार होता, वहिनींकडे बघून थांबला.

"एक लाखाच्या वर गेलंय," वहिनी म्हणाल्या. "खाना पाच अंकांचा आहे. सहावा अंक आला की त्याला जागा नाही."

त्या खुर्चीवर बसल्या. मोडायच्या आधी नक्कल काढून ठेव, हे सरांचं पहिलं वाक्य असायचं. त्यांनी नक्कल काढली. मग टेबलाची रचना उघडली. निळ्या पडद्यावर खान्यांची नावं एकाखाली एक आली: गाडी, तारीख, भरलेलं वजन, रिकामं वजन, माल. वजनांपुढे संख्या, पाच, शून्य. त्यांनीच टाइप केलेलं होतं ते. वहिनींनी वाट पाहिली, आता आपल्या आत काहीतरी होईल म्हणून. काही झालं नाही. त्यांनी पाचाचे सात केले, दोन्ही ठिकाणी.

बाहेर एक ट्रेलर येऊन उभा होता, फाटकावरून परत पाठवलेला. मालकाने हात केला, तो पाटावर चढला. लोखंड कुरकुरलं. स्क्रीनवर अजूनही फुल्याच.

"नाही झालं," ऑपरेटर म्हणाला.

"थांबा. खाना मोठा झालाय, खिडकी लहान आहे."

प्रोग्राममध्ये वजन दाखवायच्या जागी पाच नऊ लिहिलेले होते, म्हणजे पाच अंकच दाखव. त्यांनी सात नऊ केले. आता स्क्रीनवर आकडा आला, एक लाख बारा हजार चारशे साठ. ऑपरेटरने खुशीत पावती काढली आणि ती हातात धरून तसाच उभा राहिला. पावतीवर फुल्या होत्या.

"तिथेही एक चौकट असणार," वहिनी म्हणाल्या आणि पावतीचा नमुना उघडून तीही रुंद केली. तिसऱ्या वेळी सगळं बरोबर आलं. ड्रायव्हरने पावती घेतली, दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली.

मालकाने परवाच्या नोंदी उघडायला सांगितल्या. तीन ट्रेलर होते. दोन परत आले होते, त्यांचं पुन्हा वजन करता येत होतं. तिसऱ्याचा ड्रायव्हर ओळखी काढून आत गेला होता आणि त्याचं यंत्र उतरवलंही होतं.

"आता जागा वाढवलीत, तर तो जुना आकडा दिसेल ना?" मालकाने विचारलं.

"नाही."

"म्हणजे, फुल्यांच्या मागे कुठेतरी असेल ना तो?"

"मागे काही नसतं," वहिनी म्हणाल्या. "ठेवतानाच मावला नाही. ज्याला जागा मिळाली नाही तो आकडा ठेवलाच जात नाही. फुल्या म्हणजे तेवढंच."

मालकाने मान खाली घातली. त्याच्या मनात काहीतरी दुसरंच आलं असावं, कारण तो म्हणाला, "राहू द्या वहिनी. राहू द्या." वहिनींच्या मनात काहीच नव्हतं. त्या माउसवरची धूळ पदराने पुसत होत्या. ती नोंद तशीच राहिली.

चहा आणायला कुणीतरी गेलं. तेवढ्यात वहिनी हात धुवायला म्हणून पाटावरून चालत पलीकडे निघाल्या, आणि ऑपरेटर आतून म्हणाला, "साठ."

"काय साठ?"

"तुमचं वजन. काटा साठ किलो दाखवतोय."

"साठ कुठली. ड्रेसच्या शिलाया दोनदा आत घेतल्यात, आणि साडीत तर हरवतेच. बावन्न असेन."

"असाल. हा वीस-वीसनेच सरकतो. पन्नाशी ओलांडली की साठ, नाही ओलांडली की चाळीस. मधलं त्याला समजत नाही."

"बरंय त्याचं," वहिनी म्हणाल्या. ऑपरेटर या वेळी खरंच हसला.

बातमी फिरायला वेळ लागत नाही. दोन आठवड्यांनी चष्मेवाल्यांचा फोन आला. त्यांना आधी सरांबद्दल बोलायचं होतं, आणि ते बोलले, चांगलं बोलले. मग जरा चाचरत म्हणाले, "एक बारीकशी अडचण आहे. सरांना सांगितली होती. ते म्हणाले, येतो पुढच्या आठवड्यात."

"कधी म्हणाले?"

"झाली असतील चार-पाच वर्षं."

अडचण खरंच बारीक होती. चष्म्याच्या नंबराला पाच जागा होत्या, त्यातले दोन दशांश. पण दशांशाचं टिंब एक जागा खातं आणि उण्याचं चिन्हही एक जागा खातं. उणे साडेनऊ मावायचा. दुकानात एकच बाई अशा होत्या, ज्यांचा नंबर उणे दहाच्या पलीकडे होता, पावणेतेरा. तो आकडा मावत नाही म्हटल्यावर प्रोग्राम फुल्या टाकायचा नाही. शेवटचा दशांश गुपचूप कापून, जवळचा आकडा करून ठेवून द्यायचा. बारा पूर्णांक पंचाहत्तरचा बारा पूर्णांक आठ व्हायचा.

"असा नंबर जगात नाही," चष्मेवाले म्हणाले. "नंबर पावापावाने चढतो. म्हणून मला दरवेळी कळतं आणि मी हाताने दुरुस्त करतो. पण माझ्यानंतर जो इथे बसेल, त्याला कळायचं नाही."

वहिनींनी पाचाचे सहा केले. घरी आल्यावर वन्संनी विचारलं, "काय होतं?"

"उण्याच्या चिन्हाला जागा ठेवायची राहिली होती."

वन्संना काही कळलं नाही. "जेवून घे," त्या म्हणाल्या.

लेकीला हे कळलं तेव्हा ती फोनवर जरा चिडली. "आई, किती दिवस फिरणार आहेस तू असं? ते कॉम्प्युटर मरायला टेकलेत. एक दिवस डिस्क बसेल आणि त्या लोकांचं सगळंच जाईल. नवीन घ्या म्हणून सांग त्यांना."

"सांगितलं. काटेवाले म्हणाले, नवीन घेतो, पण यातलं त्यात कोण नेऊन देणार?"

"मी देते," लेक म्हणाली. "फाईल पाठव. आणि रविवारी दुपारी वेळ काढ. प्रत्येक खान्यात काय आहे ते मला तुझ्याकडून हवंय. मी अंदाजाने करणार नाही."

रविवारी दुपारी वन्सं पलंगावर आडव्या झाल्या होत्या आणि वहिनी फोन घेऊन खिडकीशी बसल्या.

"भरलेलं वजन," लेक म्हणाली.

"संख्या. सात. दशांश नाही."

"नव्यात अंक मोजून सांगावे लागत नाहीत. पूर्णांक म्हटलं की झालं, दोनशे कोटींपर्यंत मावतं."

"बरं."

"रिकामं वजन?"

"तसंच."

"पावती क्रमांक?"

"संख्या. तो आपोआप वाढतो. मध्येच परत एकपासून सुरू करू नकोस, लोकांकडे जुन्या पावत्या आहेत."

"नाही करत. ड्रायव्हरचा फोन?"

"अक्षरं."

"अक्षरं? आई, फोन नंबर तर सगळे आकडेच असतात."

"अक्षरंच ठेव. संख्या म्हणून ठेवलास तर सुरुवातीचं शून्य उडतं. आणि ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नसते ती संख्या नव्हे. नुसती आकड्यांत लिहिलेली अक्षरं असतात ती."

पलीकडचा टाइप करण्याचा आवाज थांबला.

"ऐकतेयस ना?"

"हे बाबा म्हणायचे," लेक म्हणाली. "अगदी असंच. मला कॉलेजात शिकवताना."

"हो. त्यांचंच आहे."

लेक रडत होती. फोन बाजूला धरून रडत होती, तरी ऐकू येत होतं. वहिनींनी तिला थांबवलं नाही आणि घाईही केली नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं, ते बघत बसल्या. बऱ्याच वेळाने लेकीने नाक ओढलं.

"पुढचं सांगू?" वहिनींनी विचारलं.

"सांग."

"माल. ही अक्षरंच आहेत. वीस जागा."

असे चार रविवार गेले. काट्याचं झालं, चष्म्याचं झालं. लाकडाच्या वखारीवाल्याने काहीच नको म्हणून सांगितलं, त्याने वखारच विकायला काढली होती. त्या रविवारांत त्या दोघी जितक्या बोलल्या, तितक्या आधीच्या कितीतरी महिन्यांत बोलल्या नव्हत्या, आणि बोलल्या त्यातलं बहुतेक सगळं दशांशांबद्दल होतं.

काम संपलं तेव्हा वहिनींनी सरांचा मोबाईल चार्जिंगवरून काढला. कंपनीच्या दुकानात जाऊन नंबर बंद केला. काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलं, त्यांनी सांगितलं. ती सॉरी म्हणाली. वहिनी म्हणाल्या, सही कुठे करू.

मग वन्संही जायला निघाल्या. त्यांच्या घरी सून एकटी होती, पोरं लहान होती. बसस्टँडवर वहिनी त्यांना पोचवायला गेल्या. बस लागली, वन्संनी पिशवी आत ठेवली, परत खाली उतरल्या आणि वहिनींच्या खांद्यावर डोकं टेकून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं रडल्या.

"धाकटा होता गं माझ्यापेक्षा," त्या म्हणत होत्या. "मी त्याला कडेवर घेऊन फिरले. मी आधी जायचं होतं. मी थांबले होते, म्हटलं तू रडलीस की तुला सावरून जाईन. तू मला तेही करू दिलं नाहीस."

वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "येईल कधीतरी," त्या म्हणाल्या. "आलं की कळवेन तुम्हाला."

"हे काय कळवायचं असतं का?" वन्सं रडता रडता म्हणाल्या, आणि मग दोघींनाही थोडं हसू फुटलं. कंडक्टरने घंटी मारली.

काट्याच्या मालकाचा फोन पुन्हा आला तेव्हा बिघाड काही नव्हता. ऑपरेटरला वीजकेंद्रावर कायमची नोकरी लागली होती.

"सकाळच्या पाळीला कुणीतरी लागेल," मालक म्हणाला. "तुम्हाला सगळं येतं. विचारायला बरं वाटत नाही, पण विचारतो."

वहिनींनी हो म्हटलं. लेक म्हणाली, आई, तिथे धूळ केवढी असते. वहिनी म्हणाल्या, पुसते मी.

आता त्या सकाळी तिथे असतात. गाडी पाटावर चढते, त्या नंबर टाइप करतात, आकडा येतो, पावती निघते, गाडी जाते. कुणी फार बोलत नाही आणि त्यांनाही कुणाशी फार बोलावं लागत नाही. वन्संना कळवण्यासारखं अजून काही झालेलं नाही. पण कधीकधी दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागते, अगदी गाढ. रात्री घरी ती येत नाही, इथे येते. मग एखादा ड्रायव्हर काचेवर टकटक करतो, त्या डोळे उघडतात, आणि हाताने खूण करून म्हणतात, "घ्या, पुढे घ्या."